चिठ्ठी नसलेली जीन्स

इवोनेतीने सतराव्या वर्षी पहिला खिसा शिवला आणि पुढची एकोणतीस वर्षं ती खिसेच शिवत आली. जीन्सचे मागचे खिसे. एक डावा, एक उजवा. तोरितामा गावात "खिसेवाली इवोनेती" एवढं म्हटलं की कुणीही बोट करून घर दाखवतं, कारण टायरवाली इवोनेती वेगळी आणि चर्चच्या मागची इवोनेती वेगळी.

गावात घरोघरी जीन्स होते, पण अख्खी जीन्स कुठल्याच घरी होत नाही. एका घरी खिसे, दुसऱ्या घरी चेन आणि बैठक, तिसऱ्या घरी कंबरपट्टी. कापलेल्या तुकड्यांचे गठ्ठे मोटरसायकलींवरून या दारातून त्या दारात जातात आणि शेवटी धुलाईघरात पोचतात. प्रत्येक गठ्ठ्याला एक चिठ्ठी बांधलेली असते. मॉडेल कोणतं, साइज कोणती, टाका कसा. चिठ्ठी वाचायची, मान खाली घालायची आणि आपल्या वाट्याचं शिवून पुढे धाडायचं. चिठ्ठी वाटेत गळून पडली तर कुणी चौकशी करत बसत नाही. दहातल्या नऊ जीन्स बायकांच्या असतात, अंगाला घट्ट बसणाऱ्या, मागून उचलून धरणाऱ्या. चिठ्ठी नसली की तीच समजायची आणि शिवायची.

इवोनेतीच्या घरापुढच्या गॅरेजमध्ये चार मशिनी होत्या. एकीवर ती, एकीवर तिची नणंद रोझिल्दा, उरलेल्या दोन कामाच्या गर्दीत शेजारणी चालवायच्या. नवरा जेनिवाल गठ्ठे वाहायचा. थोरला ग्लेदसन साओ पावलोला एका गोदामात कामाला लागला होता. आणि धाकटी ताइनारा. या जूनमध्ये तिला पंधरा वर्षं पूर्ण होणार होती.

ताइनाराचं सांगायचं तर ती रांगायच्या आधी भिंतीवर चढली, असं जेनिवाल सांगायचा. खरं खोटं तोच जाणे. पण बापाची मोटरसायकल ती बाराव्या वर्षी चालवायला लागली होती. केस मानेवर कापलेले, गुडघे कायम खरचटलेले. शाळेच्या संघात ती गोलकीपर होती. भाऊ जाताना मागे ठेवून गेला त्याची जुनी जीन्स, तीच ती दोन वर्षं घालत होती. दोन मांड्यांच्या मधे ती तीनदा फाटली, तीनदा शिवली. चौथ्यांदा फाटली तेव्हा शिवायला धडधाकट कापडच उरलं नव्हतं.

इथे मुलीची पंधरावी म्हणजे लग्नाच्या खालोखालचा सोहळा. आधी चर्चमध्ये प्रार्थना, मग हॉलमध्ये जेवण, केक आणि बापाबरोबर एक वॉल्ट्झ. वर्षभरापूर्वी रोझिल्दाच्या मुलीची, बियांकाची, पंधरावी झाली. त्या दिवशी ताइनाराला अबोली रंगाचा झालरींचा फ्रॉक चढवला होता. केक कापायच्या जरा आधी ती न्हाणीघरात गेली आणि आतून कडी लावून बसली ती तीन तास. हॉलला न्हाणीघर एकच. साठ पाहुण्यांना शेजाऱ्यापाजाऱ्यांची दारं ठोठावावी लागली. रोझिल्दाने हा प्रसंग वर्षभर जपून ठेवला आणि लागेल तसा वापरला.

"आपल्या पोरीच्या पंधरावीला दोन न्हाणीघरांचा हॉल घ्या बाई," ती मशीन चालवता चालवता म्हणायची. "एक पाहुण्यांना, एक उत्सवमूर्तीला."

इवोनेती हसण्यावारी न्यायची, पण आत कुठेतरी तिला टोचायचं. तिला भीती फ्रॉकची नव्हती. स्वतःच्याच वाढदिवसाला पोर निघून जाईल, नाहीतर कडी लावून बसेल, याची होती. तरीही मार्चमध्ये तिने भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात एक जांभळट रंगाचा घोळदार गाउन ठरवून ठेवला. आईचा जीव. म्हटलं, तोवर बदलेलही.

मे महिन्यात तिने विषय काढला. ताइनारा ओट्यापाशी उभी राहून मक्याचा कुसकुस आणि अंडं खात होती.

"तुला काय हवंय ते तरी सांग. मला अंदाज यायला हवा."

"तू म्हणशील तिथे उभी राहीन," ताइनारा म्हणाली. "चर्चमध्ये राहीन, केकमागे राहीन. बाबांबरोबर नाचेन पण. फक्त अंगावर जीन्स पाहिजे. नीट बसता येईल अशी. आणि चांगली दिसली पाहिजे आई, गोणपाट नको."

"आणि जीन्स नसली तर?"

"तर मी आजीकडे जाते. तुम्ही केक खा."

जेनिवाल मशीनला तेल घालत होता. वर न बघता म्हणाला, "सौदा वाईट नाही. जीन्सच मागतेय. जीन्सच्या गावात राहून."

सोमवारी सकाळी मायलेकी बाजारात गेल्या. जूनमधल्या सणाच्या आधीचा बाजार. बाहेरगावच्या बसेस लागलेल्या, व्यापारी पोत्यांनी माल उचलत होते, टांगलेल्या जीन्सच्या रांगांमधून वाट काढत जावं लागत होतं. इवोनेतीला वाटलं होतं तासाभरात काम होईल.

पहिल्या दुकानातल्या बाईने ताइनाराकडे एकदा पाहिलं आणि अडतीस नंबरची जीन्स पुढे केली. "ही घाल बाळा. उठून दिसशील."

दोन दांड्यांवर चादर टाकून केलेल्या आडोशात ताइनारा शिरली. बराच वेळ आतून धडपडीचे आवाज आले. बाहेर आली ती पाय न वाकवता.

"बसून दाखव," इवोनेती म्हणाली.

"आई, यात श्वास घेता येतोय तेवढं पुरे."

"अगं, दोन दिवसांत सैल होते ती," दुकानदारीण म्हणाली. "ताणाचं कापड आहे. कंबर बघ कशी दिसतेय! पोरं वळून वळून बघतील."

"आणि यात मी गोल कसा अडवू?" ताइनारा म्हणाली आणि परत चादरीमागे गेली.

पुढे पुरुषांची दुकानं. तिथे कंबर मापाची घेतली तर नितंबांवर अडकायची, नितंबांना बसेल अशी घेतली तर कमरेत दोन मुठी मावायच्या. मुलांच्या जीन्सची बैठक आखूड. एका दुकानदाराने इवोनेतीला कोपऱ्यात घेऊन हळूच विचारलं, "मुलगा आहे की मुलगी? म्हणजे मला त्या रांगेतली दाखवायला बरं."

"गोलकीपर आहे," इवोनेती म्हणाली.

अकरा वाजेपर्यंत त्यांनी एकोणीस जीन्स घालून पाहिल्या. ताइनारा रडली नाही, चिडलीही नाही. तिने नारळपाण्याच्या गाडीशी टेकून शहाळं पिऊन टाकलं आणि म्हणाली, "आई, तूच शिव ना. तू जीन्स शिवतेस ना?"

"मी खिसे शिवते."

"एकदा अख्खी शिव."

एकोणतीस वर्षांत इवोनेतीच्या हाताखालून किती खिसे गेले असतील याचा हिशेब लागणार नाही, पण एक सबंध जीन्स शिवायची तर पहिली शिवण कोणती, हे तिला माहीत नव्हतं. चेन आधी की बैठक आधी? हे तिने कधी कुणाला विचारलंच नव्हतं, कारण तुकडा तिच्याकडे यायचा तो खिशापुरता.

दुपारी ती पोरीला घेऊन कापड कापणाऱ्या अब्दियासकडे गेली. सगळे त्याला मानाने सेउ अब्दियास म्हणत. सत्तरीच्या आत बाहेरचा, जाड भिंगांचा चष्मा. एकावर एक शंभर थर रचून तो एका दमात कापायचा.

"किती नंबर?" त्याने विचारलं.

"नंबर नाही. ही आहे."

सेउ अब्दियासने चष्मा कपाळावर सरकवला. "सदतीस वर्षं कापतोय इवोनेती. माणूस कधी मापलेला नाही."

मापायची टेप त्याच्याकडे नव्हतीच, लोखंडी पट्टी होती, आणि ती काही कमरेभोवती गुंडाळता येत नाही. शेवटी गठ्ठे बांधायची सुतळी घेतली. ताइनाराच्या कमरेला, मांडीला, बैठकीला सुतळी लावून गाठी मारल्या आणि त्या पट्टीवर ताणून मोजल्या. मग तो मागच्या खोलीत गेला आणि धूळ झटकत एक जुना तागा घेऊन आला. जाड, गडद निळं, निव्वळ सुताचं डेनिम.

"हे आता कुणी घेत नाही. ताण नाही यात. पण हे बसल्यावर कुरकुरत नाही, माणसाचं होऊन जातं. दोन जीन्स निघतील. आणि हो, धुलाईत हे चांगलंच आटतं. मी आटणीचं धरून मोठं कापतो. धुतल्याशिवाय अंगाला लावू नका."

इवोनेतीने ते तुकडे घरी आणले. सणाचं काम अंगावर होतं. सहाशे जीन्सचे खिसे गुरुवारपर्यंत द्यायचे होते. त्यातच, रात्र व्हायच्या आत, तिने ताइनाराचे खिसे लावले, तुकडे एकत्र बांधले आणि जेनिवालच्या हाती दिले. "बाकीच्या गठ्ठ्यांबरोबर किटेरियाकडे टाक. तिला म्हणावं आपल्या पोरीची आहे."

जेनिवालने गठ्ठे टाकले. किटेरिया घरी नव्हती, तिची सून होती. निरोप सुनेला दिला, सुनेने मान डोलावली, आणि पोराला दूध पाजायला आत गेली.

आठवड्याने, सोमवारी दुपारी, जीन्स तयार होऊन धुलाईघरातून आली. वाढदिवस शनिवारी.

ताइनाराने ती उलगडून दोन्ही हातांनी समोर धरली. बैठकीची शिवण मागून आत घेऊन उचललेली. कमरेला खाली उतरलेली वाकडी पट्टी. मांड्या घासून पांढऱ्या केलेल्या. एका गुडघ्यावर ऐटीत फाडलेलं. बाजारात चादरीमागे घालून पाहिली होती ना, तिचीच सख्खी बहीण.

"छान आहे," ताइनारा म्हणाली. "बियांकाला होईल." तिने ती नीट घडी घालून मशिनीवर ठेवली. "मग शनिवारी सकाळी मी आजीकडे जाते. बाबा, सोडाल ना?"

जेनिवालने बायकोकडे पाहिलं.

रोझिल्दा म्हणाली, "देवालाच गाउन हवाय. मी शुक्रवारी जाऊन आणते दुकानातून."

इवोनेती त्या जीन्सवरून हात फिरवत बसली. ही उचल किटेरियाची, तिच्या हाताला दुसरी सवयच नाही. ही पट्टी लिंडाल्वाची. ही घासाई धुलाईघरातल्या पोरांची. चिठ्ठी नव्हती, मग त्यांनी तरी काय करायचं? प्रत्येकाने आपल्याकडून चांगलंच केलं होतं. तिच्या मनात सगळ्यांना काय काय सुनावायचं ते जुळायला लागलं, आणि मग तिने जीन्स पालथी केली.

मागचे खिसे लहान होते. वर सरकवून एकमेकांकडे झुकवलेले, म्हणजे नितंब भरलेले दिसतात. दोन्हींवर पंखाच्या आकाराचा दुहेरी टाका. पुढे खिशांच्या जागी नुसती शिवण मारलेली, आत पिशवीच नाही. कारण बायकांच्या मॉडेलला पुढे खरे खिसे नसतात, सपाट दिसायला हवं म्हणून.

पुढचेही मीच करते, असं तिनेच म्हटलं होतं. हा टाका तिचाच होता. आपल्या मुलीची आहे हे माहीत असून, हे तुकडे हातात घेऊन तिने हे कधी शिवलं, ते तिला काही केल्या आठवेना.



मंगळवारी सकाळी सणाच्या कामाचा नवा गठ्ठा तिने रोझिल्दाकडे सरकवला. "आज तू बघ."

"आणि तू?"

"मी फिरायला जाते. पोरीला घेऊन."

सेउ अब्दियासने दुसरी जीन्स कापून ठेवलीच होती. म्हणाला, "पहिली परत येणार हे मला ठाऊक होतं." हे आधी का सांगितलं नाही, असं इवोनेतीने विचारलं नाही. या गावात आपल्या टप्प्यापुढचं कुणी बोलत नाही.

घरी येऊन तिने आधी खिसे केले. ताइनाराला शेजारी बसवून. "हात घाल. कुठपर्यंत जायला हवा?"

"मनगटापर्यंत. मोबाईल राहिला पाहिजे, आणि सायकलची किल्ली. आणि वाकल्यावर पडता कामा नये."

मागचे खिसे मोठे, सरळ, खालच्या अंगाला. वर साधी दुहेरी शिवण, पंख नाही. दोनदा इवोनेतीचा हात सवयीने टाका वळवायला गेला आणि दोनदा ताइनाराने मशिनीच्या चाकावर हात ठेवला.

मग किटेरियाकडे. किटेरिया ताइनाराची धर्ममाता, बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच हिला पाण्यावर धरलं होतं. मुलीने दारातूनच, "आशीर्वाद द्या, धर्ममाय," म्हटलं आणि किटेरियाने, "देव भलं करो गं बाळा," म्हणत तुकड्यांसाठी हात पुढे केला. "चिठ्ठी कुठाय?"

"ही काय उभी आहे," इवोनेती म्हणाली.

किटेरियाने मशीन थांबवली. मागच्या तीन बायकांनीही थांबवली. सूनही बाहेर आली आणि जरा ओशाळून उभी राहिली.

"काय हवंय पोरी तुला?"

ताइनाराने इकडे तिकडे पाहिलं. दाराजवळचं लाकडी बाकडं ओढलं आणि त्यावर घोड्यावर बसावं तशी दोन्ही बाजूंना पाय टाकून बसली. "असं बसायचंय मला. आणि उठताना मागून ओढायचं नाहीय."

"मारियामाते!" एक बाई हसली. "ही काय गुरं राखायला निघालीय?"

"चारचौघांत असं बसशील तर तुला नवरा मिळायचा नाही," दुसरी म्हणाली.

"तुम्ही नीट बसलात ना काकू?" ताइनारा म्हणाली. "मग तुमचा नवरा कुठाय?"

सगळं घर हसलं. त्या बाईचा नवरा तीन वर्षांपूर्वी रेसिफेच्या बसमध्ये चढला होता तो चढलाच. ती स्वतःही हसली, डोळे पुसत म्हणाली, "कार्टी. पण खरं बोलते."

किटेरियाने बैठकीचा तुकडा पोरीच्या अंगाला लावून पाहिला, इतकी वर्षं उचलून मारलेली शिवण तिने अर्ध्या बोटाने खाली सोडली, पुन्हा लावून पाहिली. "बाई गं," ती म्हणाली, "मी या शिवणीवर कधी कुणाला बसलेलं पाहिलं नव्हतं."

कंबरपट्टीवाल्या लिंडाल्वाकडे जरा जड गेलं. लिंडाल्वा गावातली हुशार कारागीर आणि ते तिला माहीत होतं.

"एवढी कंबर देवाने दिली आणि झाकायची?" ती म्हणाली. "मी या पट्टीला कुणाला नाव ठेवू देणार नाही. माझ्या हातची पट्टी ओळखतात लोक."

"मग ओळखू द्या ना," ताइनारा म्हणाली. "डोना लिंडाल्वा, मला हात वर करून उडी मारायची असते. शर्ट वर जातो आणि सगळा गाव बघतो. ती पट्टी बेंबीपर्यंत आली तर मी बॉलकडे बघेन."

लिंडाल्वाने तिला उडी मारायला लावली. एकदा, दोनदा, पाचदा. मग कपाटातून तांब्याचं एकच जाड बटण काढलं, कुठल्याशा जुन्या मालातलं उरलेलं. "हे लावते. साधी जीन्स आहे तर निदान बटण तरी दिसलं पाहिजे. तेवढं माझं ऐक."

ताइनाराने बटण उलटसुलट करून पाहिलं. "हे भारी आहे," ती म्हणाली. लिंडाल्वाचा चेहरा सैल पडला.

गुरुवारी जीन्स शिवून झाली. घातली तर दोन माणसं मावतील इतकी मोठी, कारण आटणीचं धरून कापलेली. धुतल्यावाचून इलाज नव्हता. धुलाईघरात धाडायची म्हणजे पुन्हा दगड, घासाई आणि फाटका गुडघा. आणि सणाच्या गर्दीत एका जीन्सकडे लक्ष द्यायला तिथे कुणाला सवड नव्हती. इवोनेतीने विचार केला आणि शुक्रवारी दुपारी मक्याच्या सालीत बांधून करायच्या पामोन्या उकडायचं मोठं पातेलं चुलीवर चढवलं. त्यात पाणी, मूठभर मीठ आणि जीन्स.

रोझिल्दा हातात गाउनचं खोकं घेऊन आत आली आणि दारातच थबकली.

"पातेल्यात काय शिजतंय?"

"जीन्स."

"त्या पातेल्यात उद्या साठ पामोन्या उकडायच्या आहेत!"

"दुसरं आण कुणाचं तरी. हे आता निळं झालं."

रोझिल्दाने गाउन काढून कपाटाच्या दाराला टांगला. जांभळट, घोळदार, कमरेला मण्यांची ओळ. सुंदर होता. इवोनेतीने झारा हातात धरून त्याच्याकडे एकदा पाहिलं, मग परत पातेल्याकडे.

रात्रभर जीन्स दोरीवर होती आणि रात्रभर बारीक पाऊस होता. जाड सुताचं कापड, शनिवारी दुपारी पिळलं तर कमरेतून अजून पाणी निघत होतं. पाच वाजता चर्च. दोन वाजता इवोनेती ती घेऊन लिंडाल्वाकडे पळाली, कारण वाफेची मोठी इस्त्री तिच्याकडे होती. किटेरिया आधीच तिथे. तिघींनी आळीपाळीने दाबायला सुरुवात केली. वाफेने खोली भरून गेली, बायकांचे चेहरे लाल झाले, कपड्याखालचं फडकं निळं पडत गेलं.

तीनच्या सुमारास रोझिल्दा आली. गाउन हातावर घेतलेला.

"हे काय करत बसलात? वहिनी, ही वाळत नाही. अजून वेळ आहे. पोरीला घाल हा, केस मी बसवते, तासाभराचं काम. तास-दोन तास कळ काढेल. कुणीतरी समजावून सांगितलं तर ऐकेल."

बोलण्यात वाईट काही नव्हतं. इवोनेतीने इस्त्रीखालून जीन्सची बैठक चाचपली. ओली होती. शिवणीत तर बोटाला गार लागत होतं. दुकान चार वाजता बंद होणार, ही गोष्ट तिला माहीत होती. गाउन घरात राहिला तर साडेचारला काय होईल, तेही माहीत होतं: रोझिल्दा समजावेल, मग ती स्वतः समजावेल, आणि पोर एकतर कडी लावेल किंवा आजीकडे चालती होईल.

जेनिवाल दारात मोटरसायकलवर बसून होता.

"हा घेऊन जा," तिने रोझिल्दाच्या हातावरचा गाउन उचलून नवऱ्याकडे दिला. "दुकानात परत दे. चारच्या आत."

"आणि ही वाळली नाही तर?" रोझिल्दाने विचारलं.

"तर ओली घालेल."

जेनिवालने गाउन घडी करून पोटाशी धरला आणि किक मारली. रोझिल्दाने पदर खोचावा तसे ब्लाउजचे हात वर सारले आणि म्हणाली, "द्या इकडे. तुमच्या हाताला जोर नाही." आणि इस्त्री घेतली.

ताइनाराने जीन्स घातली तेव्हा कमरेची पट्टी गार होती, एवढंच ती म्हणाली. उरलेली जीन्स अंगावर अलगद बसली. कमरेवर नीट, मांडीला मोकळी, खाली पायांची मोहरी थोडी लांब राहिली होती. ती तिने दोन वळ्या घालून घोट्यावर चढवली. वर पांढरा शर्ट, तोही ग्लेदसनचा, पण इस्त्रीचा. तांब्याचं बटण चमकत होतं. ती आरशासमोर उभी राहिली, बाजूने वळून पाहिलं, मग खाली उकिडवी बसली, उठली, पुन्हा बसली.

"चल," ती म्हणाली.

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी तिला खिशातून हात काढायला सांगितलं. तिने काढले. हॉलमध्ये जेवण वाढेपर्यंत किटेरिया आणि लिंडाल्वा शेजारी शेजारी बसून पोरीकडे पाहत होत्या, म्हणजे पोरीकडे नाही, एक बैठकीकडे आणि दुसरी पट्टीकडे. सेउ अब्दियासला चष्म्यातून लांबचं दिसत नव्हतं, म्हणून त्याने तिला जवळ बोलावून दोन वेळा गोल फिरवलं आणि म्हणाला, "डावी मांडी सुताभर जास्त आटली." मग बकऱ्याचं मटण खायला बसला.

रोझिल्दाच्या ओळखीच्या दोन बायांनी तोंडाला हात लावून काही कुजबुज केली. ती इवोनेतीच्या कानावर आली, तशीच गेली.

जेनिवालची आई, डोना अमारा, गावाबाहेरच्या शेतावरून आली होती. ऐंशीच्या पुढची. कोपऱ्यात खुर्चीवर काठी टेकून बसली होती, आणि तिने अजून काहीच मत दिलं नव्हतं. ताइनारा आशीर्वाद घ्यायला वाकली तेव्हा म्हातारीने तिच्या मांडीवरचं कापड चिमटीत धरलं.

"जाड आहे."

"हो आजी."

"आम्ही उसाच्या फडात घागऱ्याखाली असलंच घालायचो. नवऱ्याची विजार. पाती लागू नये म्हणून. सगळ्या बायका घालायच्या." तिने चिमूट सोडली. "तू वरचा घागरा तेवढा काढलास."

"आणि तुला कुणी बोलायचं नाही?"

"कोण बोलणार? घागरा होता ना वर."

मग वॉल्ट्झ झाला. जेनिवालचं पाऊल दोनदा चुकलं, पोरीचं चुकलं नाही. इवोनेती केकच्या टेबलामागे सुरी घेऊन उभी होती, आणि नाच संपला, टाळ्या झाल्या, दुसरं गाणं सुरू झालं तरी तिची नजर पोरीवरून हलत नव्हती. ताइनारा तिसऱ्या गाण्याला बियांकाबरोबर नाचली. मग खाल्लं. मग दाराबाहेरच्या कट्ट्यावर दोन्हीकडे पाय सोडून बसली, आणि संघातल्या पोरी तिच्याभोवती जमल्या. एकीने तिच्या खिशात हात घालून पाहिला, दुसरीने घातला. कुणीतरी विचारलं, कुठून आणलीस. त्यावर ती काय म्हणाली ते गाण्याच्या आवाजात इवोनेतीला ऐकू आलं नाही.

नऊ वाजता पाहुणे पांगायला लागले. ताइनारा अजून तिथेच होती, खुर्च्या एकात एक घालत. डोना अमाराला शेतावर सोडायचं होतं. जेनिवालने दोन ग्लास घेतले होते, म्हणून किल्ली मुलीने मागून घेतली. तिने मोटरसायकल दारापाशी आणली आणि पाय टाकून बसली. जेनिवाल आणि इवोनेतीने मिळून म्हातारीला उचलून मागे एका अंगाला बसवलं आणि तिचा हात नातीच्या कमरेभोवती दिला.

"घट्ट धर आजी."

"धरलंय. तू सावकाश चालव."

इवोनेती दारात उभी राहून गाडी वळणापर्यंत जाताना पाहत राहिली, आणि मग निळं पातेलं घासायला आत गेली.